गाव शहर कधी होते आणि ते कोण ठरवते? लोकसंख्या, शहरवाढ आणि स्थानिक स्वराज्य संस्थांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माणसे मोजण्याचे काम केंद्र सरकारचे, एखाद्या गावाला नगराचा दर्जा देण्याचा अधिकार राज्य सरकारचा, आणि गटार तुंबले की दार ठोठावायचे ते सरपंचाचे किंवा नगरसेवकाचे. भारतातील शहरवाढीविषयीचे बहुतेक गोंधळ या तीन ठिकाणी विभागलेल्या कामांतून निर्माण होतात. खालील उत्तरे देताना उदाहरणे प्रामुख्याने महाराष्ट्रातील घेतली आहेत, कारण २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सर्वाधिक शहरी लोकसंख्या, म्हणजे ५ कोटींहून अधिक माणसे, याच राज्यात राहत होती.

भारतात ‘शहर’ नेमके कशाला म्हणतात?

याला दोन स्वतंत्र उत्तरे आहेत आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळेच पुढचे घोटाळे होतात. पहिले उत्तर कायद्याचे आहे. जेथे महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत किंवा कटक मंडळ (लष्करी छावणीच्या वस्तीचा कारभार पाहणारी संस्था) आहे, ते वैधानिक नगर. मग तेथील वस्ती कितीही विरळ असो. दुसरे उत्तर जनगणनेचे आहे. ज्या गावाची लोकसंख्या किमान ५,००० आहे, जेथे दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे राहतात आणि जेथील मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के पुरुष बिगरशेती व्यवसायांत आहेत, ते गाव जनगणना आयुक्तांच्या कार्यालयाच्या लेखी ‘जनगणना नगर’ ठरते. या कसोटीत स्त्रियांचे काम धरलेच जात नाही, ही बाब फारशी कोणाच्या लक्षात येत नाही.

जनगणना नगर ही केवळ मोजणीपुरती नोंद आहे. तिच्यामुळे गावाला नगरपरिषद मिळत नाही, कर बदलत नाहीत आणि ग्रामपंचायतीच्या दारावरची पाटीही बदलत नाही.

देशाची किती लोकसंख्या शहरांत राहते?

२०११ च्या जनगणनेनुसार ३७.७ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ३१.१६ टक्के. हेच प्रमाण १९५१ मध्ये १७.२९ टक्के आणि २००१ मध्ये २७.८ टक्के होते. २००१ ते २०११ या दशकात शहरी लोकसंख्येत पडलेली भर ग्रामीण भागात पडलेल्या भरीपेक्षा किंचित अधिक होती, आणि स्वातंत्र्यानंतर असे प्रथमच घडले. राज्याराज्यांतील अंतर मात्र मोठे आहे. तमिळनाडू ४८.४ टक्के, केरळ ४७.७ टक्के आणि महाराष्ट्र ४५.२ टक्के शहरी असताना हिमाचल प्रदेशात हे प्रमाण जेमतेम १० टक्के होते. त्यानंतर देशात जनगणना झालेली नाही, त्यामुळे २०११ नंतरचे जे आकडे आपल्या वाचनात येतात ते मोजलेले नसून अंदाजलेले आहेत, हे ध्यानात ठेवावे.

शहरे वाढतात ती खेड्यांतून येणाऱ्या लोंढ्यांमुळेच ना?

केवळ त्यामुळे नाही. शहरी लोकसंख्या चार वाटांनी वाढते: शहरात होणाऱ्या जन्मांची संख्या मृत्यूंपेक्षा अधिक असणे, बाहेरून माणसे येणे, शहराची हद्द वाढवून शेजारची गावे आत घेणे, आणि माणसे आहेत तेथेच असताना त्यांच्या गावाची नोंद ‘ग्रामीण’ ऐवजी ‘नागरी’ अशी होणे. यांपैकी शेवटची वाट सर्वांत कमी चर्चिली जाते, पण २००१ मध्ये देशात १,३६२ असलेली जनगणना नगरे २०११ मध्ये ३,८९४ झाली. त्याच काळात वैधानिक नगरांची संख्या ३,७९९ वरून फक्त ४,०४१ पर्यंत गेली.

केरळचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. तेथील शहरी लोकसंख्येचे प्रमाण दहा वर्षांत सुमारे २६ टक्क्यांवरून जवळपास ४८ टक्क्यांवर गेले. निम्मे राज्य बोचके बांधून शहरात गेले, असे काही झाले नाही. जनगणना नगरांची संख्या ९९ वरून ४६१ वर गेली आणि पुष्कळशी माणसे घराचा उंबरठाही न ओलांडता शहरी झाली.

उलट मुंबईच्या मूळ बेटावर, म्हणजे मुंबई शहर जिल्ह्यात, याच दशकात लोकसंख्या ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांपर्यंत घटली. माणसे उपनगरांत आणि ठाण्याच्या दिशेने सरकली. अविभाजित ठाणे जिल्हा २०११ मध्ये १ कोटी १० लाख लोकसंख्येसह देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर वेगळा काढावा लागला.

जनगणनेने गाव शहरी ठरवल्यावर तेथे आपोआप नगरपरिषद का होत नाही?

कारण तसा नियमच नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-थ नुसार कोणत्या क्षेत्रासाठी नगरपंचायत, नगरपरिषद किंवा महानगरपालिका असावी हे राज्यपाल, म्हणजे व्यवहारात राज्य सरकार, अधिसूचना काढून ठरवतात. त्यासाठी लोकसंख्या, घनता, स्थानिक महसूल, बिगरशेती रोजगाराचे प्रमाण आणि आर्थिक महत्त्व पाहावे असे अनुच्छेदात म्हटले आहे; परंतु आकडे ठरवण्याचे काम राज्यांवर सोडले आहे आणि अमुक आकडा गाठल्यावर दर्जा दिलाच पाहिजे, असे बंधन घातलेले नाही. त्यामुळे हा निर्णय शेवटी राजकीय राहतो. जिल्हा परिषदेचा गट, म्हणजे तेथील मतदारसंघ, कोणाकडे आहे, नवी नगरपंचायत कोणाच्या ताब्यात जाईल आणि निवडणूक किती जवळ आली आहे, या गोष्टी लोकसंख्येच्या आकड्याइतक्याच, कित्येकदा त्याहून अधिक वजनदार ठरतात.

गाव ग्रामपंचायतच राहिले तर प्रत्यक्षात काय बिघडते?

मोठ्या शहराच्या सीमेला टेकलेल्या एखाद्या गावाची कल्पना करा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बारा मजली इमारती, त्यांच्या तळमजल्यावर दुकाने, फाटकाशी पाण्याच्या टँकरची रांग, आणि त्यांच्या मधोमध ग्रामपंचायतीचे दोन खोल्यांचे कार्यालय. वस्ती तीस-चाळीस हजारांची. परंतु महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या सदस्यांची संख्या ७ ते १७ याच मर्यादेत ठेवलेली असल्याने आठ हजारांच्या गावालाही १७ सदस्य आणि चाळीस हजारांच्या गावालाही १७ सदस्यच. प्रशासन म्हणजे ग्रामसेवक, ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, आणि हाताशी दोन-चार कर्मचारी. मलनिस्सारणासाठी अभियंता नाही, अग्निशमन दल नाही, शहर नियोजनाचा विभाग नाही.

अशा गावात घर घेणाऱ्याला हा फरक कागदावरही दिसतो. सदनिका नव्या, उद्‌वाहन नवे, पण ज्या जमिनीवर इमारत उभी आहे तिचा पुरावा सातबारा उताऱ्याचा, घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, आणि बांधकाम परवानगी ग्रामपंचायतीची नव्हे तर जिल्हाधिकाऱ्यांची किंवा प्रदेश विकास प्राधिकरणाची. सांडपाणी जवळच्या ओढ्यात जाते आणि तोच ओढा पुढे शहराच्या हद्दीत शिरतो. शहराच्या महानगरपालिकेला त्याची दुर्गंधी येते, पण वरच्या अंगाला काही करण्याचा अधिकार नसतो.

मग अनेक गावे हद्दवाढीला आणि नगरपंचायतीला विरोध का करतात?

या विरोधाला अडाणीपणा म्हणणे चुकीचे आहे. त्यामागे रोकडा हिशोब असतो. शहरी दर्जा मिळाला की घरपट्टी वाढते, ग्रामीण रोजगार हमीची कामे आणि ग्रामीण भागापुरत्या योजना बंद होतात, सरपंच-सदस्यांची पदे जातात, आणि सेवा मात्र लगेच सुधारतील याची खात्री नसते. समाविष्ट गावांत मालमत्ता कर टप्प्याटप्प्याने वाढवण्याची तरतूद कायद्यात आहे. पण टप्पे पूर्ण होईपर्यंत पाण्याची वाहिनी आली नसेल तर ती तरतूद कोणाचेही समाधान करीत नाही.

पुण्यात हे सर्व पाहायला मिळाले. २०१७ मध्ये ११ गावे आणि जून २०२१ मध्ये आणखी २३ गावे पुणे महानगरपालिकेत आली, आणि पुण्याचे क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे जाऊन मुंबई महानगरपालिकेहूनही मोठे झाले. २०१७ मध्ये आत आलेल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांनी आधी कित्येक वर्षे शहराचा कचरा डेपो सोसला होता. हद्दीत आल्यावर कराचा बोजा वाढला, सुविधा अपेक्षेप्रमाणे आल्या नाहीत, आणि अखेर २०२४ मध्ये ही दोन्ही गावे महानगरपालिकेतून वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. सात वर्षांत आत आणि बाहेर! हद्द म्हणजे नकाशावरची रेघ नसून कर, कचरा आणि पाणी यांचा करार आहे, हे या दोन गावांइतके स्पष्टपणे क्वचितच कोणी दाखवले असेल.

स्थानिक स्वराज्य संस्था म्हणजे संघराज्याचा तिसरा स्तर, हे खरे आहे का?

भाषणांत खरे आहे, कायद्यात अर्धे खरे आहे. १८८२ च्या लॉर्ड रिपन यांच्या ठरावापासून स्थानिक स्वराज्याची चर्चा चालत आली असली, तरी नगरपालिकांना राज्यघटनेत स्वतंत्र भाग मिळाला तो ७४ व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून लागू झाली. पाच वर्षांची मुदत, राज्य निवडणूक आयोग, राज्य वित्त आयोग, अनुसूचित जाती-जमाती आणि स्त्रियांसाठी राखीव जागा या गोष्टी त्यामुळे बंधनकारक झाल्या. स्त्रियांसाठी घटनेने किमान एक तृतीयांश जागा सांगितल्या. महाराष्ट्राने हे प्रमाण २०११ मध्ये ५० टक्के केले.

परंतु अधिकारांच्या बाबतीत घटनेची भाषा सौम्य होते. बाराव्या अनुसूचीत नगर नियोजन, पाणीपुरवठा, रस्ते, अग्निशमन असे १८ विषय दिले आहेत, मात्र ते नगरपालिकांकडे सोपवणे राज्य विधिमंडळाच्या मर्जीवर आहे. ‘स्थानिक शासन’ हा विषय सातव्या अनुसूचीच्या राज्य सूचीत पाचव्या क्रमांकावर आहे. म्हणजे केंद्र आणि राज्य यांच्यात जशी अधिकारांची वाटणी झाली आहे, तशी राज्य आणि नगरपालिका यांच्यात झालेली नाही. राज्यांना दिल्लीकडून अधिकार हवे असतात. तेच अधिकार पुढे महानगरपालिकांना द्यायची वेळ आली की त्यांचा हात आखडतो.

इतर संघराज्यांत काय स्थिती आहे?

कॅनडात नगरपालिका पूर्णतः प्रांतांच्या अखत्यारीत आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत स्थानिक शासनाचा उल्लेखच नाही आणि तो घालण्यासाठी १९७४ व १९८८ मध्ये घेतलेले सार्वमत दोन्ही वेळा फेटाळले गेले. जर्मनीच्या मूलभूत कायद्यातील अनुच्छेद २८ स्थानिक स्वशासनाची हमी देतो. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेने तर नगरपालिकांना संघराज्याचे घटक म्हणूनच मान्यता दिली आहे. भारत यांच्या मधोमध कुठेतरी बसतो.

शहराचा कारभारी कोण, महापौर की आयुक्त?

महाराष्ट्रात कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत आणि आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करते. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने घालून दिलेली ही चौकट आजही टिकून आहे आणि राज्यातील इतर महानगरपालिकांनाही तीच लागू आहे. सभागृह ठराव करते, स्थायी समिती खर्चाला मंजुरी देते, महापौर सभेचे अध्यक्षस्थान भूषवतात; पण कामाचा आदेश आयुक्तांच्या सहीने निघतो. महापौरांची मुदतही अडीच वर्षांची. कोलकात्यात याउलट महापौर परिषद आहे, जी मंत्रिमंडळासारखी काम करते.

नगरपरिषदांत थोडा फरक आहे. तेथील नगराध्यक्ष २०१६ मध्ये थेट जनतेतून निवडले गेले, २०२० मध्ये ती पद्धत रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. सरकार बदलले की पद्धत बदलते, असे दिसते. मतदाराला यातून एवढेच समजते की आपल्या गावचा नगराध्यक्ष कसा निवडायचा हे गाव ठरवत नाही.

महानगरपालिकांकडे पैसा कोठून येतो?

मालमत्ता कर, पाणीपट्टी, विकास शुल्क, राज्य आणि केंद्राची अनुदाने, हे मुख्य मार्ग. पूर्वी यांत जकात सर्वांत मोठी असे. नाक्यावर थांबलेल्या मालमोटारींच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ती गेल्याचे दुःख होणार नाही, पण तो महानगरपालिकेचा स्वतःचा, रोज हाती येणारा पैसा होता. बहुतेक महानगरपालिकांत जकातीच्या जागी आधी स्थानिक संस्था कर आला. मुंबईत जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत टिकली. आता तिच्या बदल्यात राज्य सरकार दरवर्षी ८ टक्के वाढ धरून भरपाई देते. रक्कम मिळते, ती किती मिळावी याचा निर्णय मात्र शहराबाहेर होतो.

मुंबई हा अपवाद आहे. तिचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला होता. देशातील सर्व महानगरपालिका आणि नगरपालिकांचा मिळून महसूल पाहिला तर तो सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे एक टक्क्याच्या आसपासच घुटमळत राहिला आहे. छोट्या नगरपरिषदांत तर कर्मचाऱ्यांचे पगार आणि पथदिव्यांचे वीजबिल भागले म्हणजे वर्ष निभावले अशी अवस्था असते.

निवडणुका वर्षानुवर्षे रखडतात, हे घटनेला मान्य आहे का?

नाही. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे आणि संस्था मुदतीपूर्वी विसर्जित झाल्यास सहा महिन्यांच्या आत झाली पाहिजे, असे अनुच्छेद २४३-प सांगतो. तरीही मुंबई, पुणे, नागपूर यांसह अनेक महानगरपालिकांवर मार्च २०२२ मध्ये प्रशासक आले आणि निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. ४ मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी घातलेली तिहेरी कसोटी (स्वतंत्र आयोगाची पाहणी, तिच्यावरून ठरलेले प्रमाण आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत), प्रभाग रचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेणारी दुरुस्ती, आणि मुंबईतील प्रभागांची संख्या २२७ वरून २३६ करून पुन्हा २२७ वर आणणे, अशा कारणांची साखळी लांबत गेली. यांतील प्रत्येक कारणाला कायदेशीर बाजू होती हे मान्य केले, तरी जवळपास चार वर्षे कोट्यवधी नागरिकांना नगरसेवक नव्हता ही गोष्ट उरतेच. विधानसभेच्या बाबतीत असा विलंब कोणी खपवून घेतला असता का, हा प्रश्न येथे विचारायलाच हवा.

एमएमआरडीए, पीएमआरडीए या संस्था कशासाठी? त्या कोणाला उत्तरदायी असतात?

महानगर एका महानगरपालिकेच्या हद्दीत मावत नाही, म्हणून. मुंबईभोवतीच्या प्रदेशासाठी १९७५ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए) आणि पुण्याभोवतीच्या प्रदेशासाठी २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) स्थापन झाले. रस्ते, मेट्रो, विकास आराखडा ही कामे ती करतात. घटनेने मात्र वेगळीच कल्पना मांडली होती: दहा लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती असावी आणि तिच्यातील किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांनी व पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडलेले असावेत. या समित्या बहुधा कागदावर राहिल्या. पीएमआरडीएचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात, आणि प्राधिकरणाच्या आराखड्याविषयी तक्रार असल्यास मतदाराला ज्याचे दार ठोठावता येईल असा स्थानिक प्रतिनिधी शोधावा लागतो.

कटक मंडळे या व्यवस्थेत कोठे बसतात?

ती केंद्राच्या संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत, २००६ च्या अधिनियमानुसार चालतात. पुण्याच्या एका रस्त्यावरून चालताना महानगरपालिका संपून कटक मंडळ सुरू होते आणि पुढे पुन्हा महानगरपालिका लागते, ते यामुळे.

पुढील जनगणना कधी आहे आणि तिचा हद्दींशी काय संबंध?

२०२१ ची जनगणना महासाथीमुळे पुढे ढकलली गेली. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार आता १ मार्च २०२७ ही बहुतांश देशासाठी संदर्भ तारीख आहे. हिमाच्छादित प्रदेशांसाठी ती १ ऑक्टोबर २०२६ आहे. जनगणनेपूर्वी जिल्हा, तालुका, गाव आणि नगर यांच्या हद्दी गोठवल्या जातात, कारण प्रगणकाने घर मोजत असताना ते कोणत्या गावात आहे याविषयी संशय असून चालत नाही. या वेळी राज्यांना हद्दींतील बदल ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत उरकण्यास सांगण्यात आले होते.

लोकसंख्येचे नवे आकडे आले की लोकसभेच्या जागा बदलतील का?

राज्यांमधील जागांचे वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेले आहे. ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढवली. जननदर आधी कमी करणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांना आपले वजन घटेल अशी भीती आहे, आणि ती निराधार नाही. पैशाच्या वाटपात हाच पेच पंधराव्या वित्त आयोगाने असा हाताळला की २०११ च्या लोकसंख्येला १५ टक्के भार देतानाच लोकसंख्या आटोक्यात ठेवण्याच्या कामगिरीला १२.५ टक्के भार दिला.

शहरांच्या दृष्टीने मतदारसंघांची राज्यांतर्गत फेररचना अधिक महत्त्वाची आहे. २००१ च्या आकड्यांवर आधारलेली फेररचना २००८ मध्ये लागू झाली तेव्हा विधानसभेत मुंबई शहर जिल्ह्याला १०, उपनगर जिल्ह्याला २६ आणि अविभाजित ठाणे जिल्ह्याला २४ जागा मिळाल्या. माणसे जिकडे सरकली तिकडे आमदार सरकले, पण काही वर्षे उशिराने.

आमच्या गावाची नगरपंचायत होणार किंवा गाव महानगरपालिकेत जाणार अशी चर्चा आहे. आम्ही काय करावे?

चर्चेवर विसंबू नये, प्रारूप अधिसूचना मिळवावी. शासन राजपत्रात आधी प्रारूप प्रसिद्ध करते आणि हरकती व सूचनांसाठी मुदत देते. ग्रामसभेचा ठराव करून तो मुदतीत दाखल करावा. विरोधच करायचा असे नाही, पाणीपुरवठा, कर्मचाऱ्यांचे समावेशन आणि करवाढीचे टप्पे यांविषयी लेखी मागण्याही नोंदवता येतात. अधिसूचनेच्या अनुसूचीत गट क्रमांक आणि चतुःसीमा दिलेल्या असतात. त्या यादीत आपल्या सातबाऱ्यावरचा गट क्रमांक आहे की नाही हे स्वतः तपासावे, कारण एकाच गावाचा काही भाग आत आणि काही भाग बाहेर राहतो तेव्हा बाहेर राहिलेल्या वाडीला हे बहुधा कराची बिले निघाल्यावरच कळते.